रस्त्यावरचं पार्किंग, सेन्सर आणि दर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शहरांच्या वाहतूक नियोजनात काम करते. ‘स्मार्ट पार्किंग’चा विषय निघाला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये, व्यापाऱ्यांच्या बैठकीत, अगदी घरी जेवतानासुद्धा तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. यातला बराच भाग अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराच्या ‘एसएफपार्क’ या प्रयोगावर आधारलेला आहे. रस्त्यावरच्या पार्किंगचं इतक्या बारकाईने मोजमाप करून, निकाल उघडपणे लोकांपुढे ठेवणारं एवढं मोठं काम फार कमी शहरांनी केलं आहे.

स्मार्ट पार्किंग म्हणजे नेमकं काय?

कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, किती जागा भरल्या आहेत हे मोजायचं, ते गाडीवाल्याला आणि महापालिकेला दोघांनाही कळवायचं, आणि त्या आकड्यांवरून दर, वेळेची मर्यादा किंवा जागेचा वापर बदलायचा. आपल्याकडच्या बहुतेक प्रस्तावांमध्ये पहिल्या दोन गोष्टी ठळक असतात: सेन्सर, ॲप, कंट्रोल रूममधला मोठा पडदा. तिसरी गोष्ट निविदेतच नसते. माझ्या मते खरं काम तिसऱ्या गोष्टीचंच आहे, म्हणून या पानावर ती पुन्हा पुन्हा येईल.

रस्त्यात पुरलेल्या सेन्सरच्या त्या गोल डबीला गाडी आली हे कळतं कसं?

पृथ्वीला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे. जागेनुसार ते साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला भरतं, म्हणजे अगदी क्षीण. गाडीचं लोखंड जवळ आलं की त्या जागी हे क्षेत्र किंचित वाकतं. डबीतला मॅग्नेटोमीटर तिन्ही दिशांनी ते सतत मोजत असतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला आणि तो काही सेकंद टिकला, तर तो ‘जागा भरली’ असा निरोप रेडिओवरून जवळच्या खांबावरच्या पेटीला पाठवतो. एरवी तो जवळजवळ झोपलेला असतो, म्हणूनच एका बॅटरीवर काही वर्षं निघतात. भारतात अशा छोट्या उपकरणांना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो.

मॉलच्या छताला लाल-हिरवे दिवे दिसतात, तो प्रकार वेगळा. तिथे आवाजाच्या लहरी खाली सोडून त्या किती वेळात परततात हे मोजतात. छप्पर आहे, वीज आहे, प्रत्येक गाडीला आखलेला चौकोन आहे, त्यामुळे ते काम सोपं. उघड्या रस्त्यावर यातलं काहीच नसतं. कॅमेरे हा तिसरा मार्ग. एका खांबावरून दहा-बारा जागा दिसतात, पण मध्ये टेम्पो उभा राहिला की त्याच्या मागचं सगळं झाकलं जातं.

सॅन फ्रान्सिस्कोने केलं तरी काय?

तिथे बस, ट्राम, रस्त्यावरचं पार्किंग आणि सरकारी वाहनतळ हे सगळं एसएफएमटीए या एकाच संस्थेकडे आहे. ही बाब फार महत्त्वाची आहे. पार्किंगचा निर्णय एकीकडे, वाहतूक पोलीस दुसरीकडे आणि बस तिसऱ्याच कंपनीकडे असती, तर हा प्रयोग उभाच राहिला नसता असं मला वाटतं.

अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून जवळपास २ कोटी डॉलर मिळाले आणि २०११ ते २०१३ या काळात सात भागांत काम झालं. रस्त्यावरच्या पार्किंग मीटर (पैसे भरायचं यंत्र) असलेल्या सुमारे ७,००० जागा, म्हणजे शहरातल्या मीटरच्या एकूण जागांपैकी साधारण पाव हिस्सा, यात आल्या. प्रयोगाच्या आणि तुलनेसाठी निवडलेल्या भागांत मिळून आठ हजारांहून अधिक सेन्सर बसवले. शिवाय १५ सरकारी वाहनतळांतल्या बारा हजारांवर जागा होत्या. तुलनेसाठी काही भाग मुद्दाम जुन्याच पद्धतीवर ठेवले.

आधी मीटरचा दर भागानुसार तासाला २ ते साडेतीन डॉलर होता आणि दिवसभर तोच. नव्या पद्धतीत प्रत्येक रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला, आपण दोन चौकांमधला पट्टा म्हणू, स्वतःचा दर मिळाला. दिवसाचेही तीन भाग केले: सकाळपासून बारापर्यंत, बारा ते तीन, आणि तीनपासून मीटर बंद होईपर्यंत. कामाचे दिवस वेगळे, वीकेंड वेगळा. मग काही आठवड्यांनी आकडे बघायचे. पट्टा ८० टक्क्यांहून जास्त भरत असेल तर दर २५ सेंटने वाढवायचा. ६० ते ८० टक्के भरत असेल तर हात लावायचा नाही. ३० ते ६० असेल तर २५ सेंट कमी, आणि ३० च्याही खाली गेला तर ५० सेंट कमी. तासाला कमीत कमी २५ सेंट आणि जास्तीत जास्त ६ डॉलर ही हद्द होती.

हा नियम आधीच जाहीर केलेला होता, कुणीही वाचून पुढचा दर स्वतः काढू शकत होता. दर कुठे आणि का वाढला हे विचारायला नगरसेवकाकडे जावं लागत नव्हतं. मला या सगळ्या प्रयोगात सेन्सरपेक्षा हा चार ओळींचा नियम जास्त मोलाचा वाटतो.

म्हणजे शेवटी दरवाढच ना? नावं वेगळी, खिसा आमचाच.

हा राग मी समजू शकते, पण आकडे उलटं सांगतात. प्रयोगाच्या अखेरीस रस्त्यावरच्या मीटरचा सरासरी दर २.६९ डॉलरवरून २.५८ वर आला होता, म्हणजे ११ सेंटने उतरला होता. वाहनतळांचा सरासरी दर ३.४५ वरून ३.०३ डॉलरवर आला, १२ टक्के कमी. काही पट्ट्यांवर दर नक्कीच चढला, पण त्याच भागातल्या मागच्या गल्ल्या, सकाळच्या वेळा आणि वाहनतळ स्वस्त झाले. ज्याला दुकानाच्या दारातच गाडी हवी त्याने जास्त द्यावे, ज्याला पाच मिनिटं चालायला हरकत नाही त्याचे वाचावेत, इतका साधा हिशोब.

दंडही घटला. मीटरशी संबंधित दंडाच्या पावत्या प्रयोगाच्या भागांत २३ टक्क्यांनी कमी झाल्या, कारण कार्डाने पैसे भरता येऊ लागले आणि वेळेची मर्यादा वाढवली. आधी लोक सुटे नाणे नाही म्हणून किंवा डॉक्टरकडे दहा मिनिटं जास्त लागली म्हणून दंड भरत होते.

आणि गाडी लावायला जागा मिळू लागली का?

हो. लोकांनी सांगितलेला शोधण्याचा सरासरी वेळ ११ मिनिटं ३६ सेकंदांवरून ६ मिनिटं ३६ सेकंदांवर आला, म्हणजे ४३ टक्के घट. जुन्या पद्धतीवर ठेवलेल्या भागांतही घट झाली होती, पण १३ टक्केच. जागा शोधत घिरट्या घालण्यात जाणारं अंतर ३० टक्क्यांनी कमी झालं. डबल पार्किंग, म्हणजे उभ्या गाड्यांच्या शेजारी रस्त्यातच दुसरी गाडी लावणं, २२ टक्क्यांनी घटलं, आणि त्याचा फायदा बसमध्ये बसलेल्यांना झाला, ज्यांच्याकडे गाडीच नाही. या शेवटच्या मुद्द्याचा आपल्याकडच्या चर्चेत कुणी उल्लेखसुद्धा करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

६० ते ८० टक्केच का? रस्ता पूर्ण भरलेला असेल तर जागेचा पुरेपूर वापर होतोय, असंच ना?

पूर्ण भरलेल्या रस्त्यावर येणारी प्रत्येक नवी गाडी घिरट्या घालते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले नियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हाच विषय लावून धरला. विद्यापीठाशेजारच्या वेस्टवुड व्हिलेज या १५ ब्लॉकच्या छोट्या बाजारपेठेत त्यांनी मोजमाप केलं. एका गाडीला जागा शोधायला सरासरी ३.३ मिनिटं आणि अर्धा मैल लागत होता. अर्धा मैल म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण वर्षभराच्या सगळ्या गाड्यांची बेरीज साडेनऊ लाख मैल झाली. तेवढ्याशा बाजारात! म्हणून त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक पट्ट्यावर एक-दोन जागा, साधारण १५ टक्के, नेहमी रिकाम्या राहतील एवढाच दर ठेवावा. त्याहून जास्त नको, कमीही नको.

मग सॅन फ्रान्सिस्कोने ८५ ऐवजी ८० ही मर्यादा का धरली? कारण सरासरी फसवते. समजा एक पट्टा बारा ते दोन पूर्ण भरलेला आहे आणि दोन ते तीन ४० टक्केच. तीन तासांची सरासरी ८० येते आणि कागदावर सगळं छान दिसतं, पण दीड वाजता आलेल्या माणसाला जागा मिळालेली नसते. आपल्याकडे कुणी ‘सरासरी भराव’, म्हणजे सरासरी किती टक्के जागा भरलेल्या, दाखवला तर तो किती तासांचा, हे आधी विचारा.

इतकं सगळं चांगलं चाललं होतं, तर मग सेन्सर बंद का केले?

हे फार कमी लोकांना माहीत असतं. डिसेंबर २०१३ च्या अखेरीस रस्त्यातले सेन्सर बंद झाले. बॅटऱ्या संपत आल्या होत्या, सगळे बदलायचे तर पुन्हा मोठा खर्च होता, आणि विजेच्या तारांवर चालणाऱ्या बस-ट्रामच्या आसपास चुंबकीय गडबडीमुळे काही ठिकाणी वाचन बिघडत होतं.

दर बदलायची पद्धत मात्र थांबली नाही. दोन-अडीच वर्षांत एकाच पट्ट्याचे दोन आकडे जमले होते: सेन्सर सांगतो किती गाड्या आहेत, आणि मीटर सांगतो कितींनी पैसे भरले. या दोघांचं नातं एकदा नीट कळल्यावर नुसत्या मीटरच्या आकड्यांवरून भराव अंदाजता येऊ लागला. पैसे न भरता उभ्या राहणाऱ्या गाड्या सगळीकडे असतात. कॅलिफोर्नियात दिव्यांगांचं ओळखपत्र लावलेल्या गाडीला मीटर माफ आहे, त्यामुळे काही पट्टे भरलेले असूनही पैशांच्या हिशोबात रिकामे दिसतात. ती तफावत पट्ट्यागणिक माहीत असावी लागते. सेन्सरची वर्षं त्यासाठी कारणी लागली. जानेवारी २०१८ पासून ही दरपद्धत सॅन फ्रान्सिस्कोतल्या सगळ्या मीटरना लागू झाली, रस्त्यात सेन्सर न पुरता.

सिअ‍ॅटल शहराने तर माणसं पाठवून ठरावीक काळाने मोजणी करून दर ठरवण्याची वाट धरली. तेही चालतं.

ॲपवर हिरवा ठिपका दिसतो आणि पोचेपर्यंत जागा गेलेली असते. मग ॲपचा उपयोग काय?

रस्त्यावरच्या एका सुट्या जागेसाठी फारसा नाही. पाच मिनिटांपूर्वीची रिकामी जागा ही दादर स्टेशनच्या तिकीट खिडकीवरच्या रांगेसारखी असते, बघता बघता बदलते. शिवाय गाडी चालवत फोनकडे बघायचं, हे मला अजिबात पटत नाही. ॲपचा खरा उपयोग घरून निघताना होतो: संध्याकाळी सहाला अमुक रस्ता बहुधा भरलेला असतो आणि शेजारच्या वाहनतळात जागा असते, दर अमुक आहे, एवढं कळलं की पुरे. मोठ्या वाहनतळाच्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो. ४०० पैकी ९० रिकाम्या असतील तर दहा मिनिटांत त्या संपत नाहीत.

आपल्याकडे दुचाकी किती! हे सेन्सर इथे चालतील?

पुरलेल्या सेन्सरबद्दल विचाराल तर बाजाराच्या रस्त्यावर बहुधा नाही. त्याची कारणं मी कंट्रोल रूममध्ये बसून शोधलेली नाहीत, रस्त्यावर उभं राहून बघितली आहेत.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका बाजारपेठेच्या रस्त्यावर आम्ही पार्किंगची मोजणी केली. हातात पुठ्ठा, त्याला लावलेला कागद, दर अर्ध्या तासाने एक चक्कर आणि प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे. दुचाकी कुठल्याच आखलेल्या चौकोनात नव्हत्या. माणूस यायचा, उभ्या असलेल्या दोन स्कूटरमध्ये हाताने फट करायचा, एकीचं मागचं चाक उचलून सरकवायचा आणि आपली गाडी घुसवायचा. एका चारचाकीच्या जागेत सहा दुचाकी असायच्या, कधी आठ. दुचाकीत लोखंड कमी आणि ती डबीच्या नेमकी वर कधीच नसते. पुरलेला मॅग्नेटोमीटर तिथे काय सांगणार? दोन दुकानांसमोर तर गाडीच नव्हती, प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवून जागा धरलेली. सेन्सरच्या लेखी ती जागा दिवसभर रिकामी, आणि ॲपवर हिरवी.

संध्याकाळी कागद समोर ठेवून खुणा जोडायला बसले, तेव्हा खरी गोष्ट दिसली. एका स्कूटरच्या ओळीत साडेदहापासून साडेसातपर्यंत सलग एकोणीस खुणा होत्या. तशाच आणखी कितीतरी ओळी. ती वाहनं दुकानदारांची आणि त्यांच्याकडे कामाला असलेल्या मुलांची होती. ‘गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही’ ही तक्रार ज्यांनी केली होती, त्यांच्याच गाड्यांनी रस्ता भरला होता. त्यांच्यावर माझा राग नाही. फुकट जागा दारात मिळाली तर मीही तिथेच लावेन. पण त्या रस्त्याला हवं होतं ते वेळेनुसार चढणाऱ्या दराचं पार्किंग आणि कामगारांच्या गाड्यांसाठी जरा लांबची स्वस्त जागा. हे कळायला एक पुठ्ठा आणि पेन पुरलं.

आणखी एक साधी अडचण. आपले रस्ते वर्षातून कितीदा खोदले जातात? केबल, ड्रेनेज, पाणी, मग वर डांबराचा नवा थर. पुरलेली डबी एकतर उखडते, नाहीतर गाडली जाते. इथे कॅमेरे, पावती देणारं हँडहेल्ड मशीन आणि अधूनमधून हाताने केलेली मोजणी हे मिश्रण मला जास्त व्यवहार्य वाटतं. बंदिस्त वाहनतळात मात्र सेन्सर जरूर लावा. तिथे फास्टॅगने पैसे घेण्याचीही सोय करता येते.

पुण्या-मुंबईत आजवर काय झालं?

केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच म्हटलं होतं, की पार्किंग मोलाची शहरी जमीन खातं आणि शुल्क त्या मोलाला धरून असावं. मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, मोठ्या विरोधामुळे ते आधी मोजक्याच रस्त्यांवर आणायचं ठरलं, आणि अंमलबजावणी रखडली.

मुंबईत जुलै २०१९ मध्ये उलट टोकाने सुरुवात झाली. २६ सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिघात बेकायदा गाडी लावली तर चारचाकीला १०,००० रुपये दंड. हेतू असा की लोकांनी वाहनतळ वापरावेत. पण वाहनतळ ओस आणि बाहेरचा रस्ता तुडुंब, असं का होतं? आत पैसे आणि बाहेर फुकट, म्हणून. सॅन फ्रान्सिस्कोने हीच गाठ दराने सोडवली: गजबजलेला रस्ता महाग, वाहनतळ स्वस्त. दंडाचा धाक पोलीस किंवा टोइंगची गाडी दिसेपर्यंत टिकतो.

पैसे घेणं म्हणजे सामान्य माणसावर अन्याय नाही का?

एका चारचाकीच्या जागेचं माप साधारण अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. चाळीतली दहा बाय दहा फुटांची खोली याहून लहान भरते, आणि तिचं भाडं कुणी माफ करत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, त्यात बसने जाणारी आणि पायी चालणारी माणसंही आली. दिव्यांगांना सवलत, दुचाकीला नाममात्र दर, मालवाहू टेम्पोला ठरलेली वेळ, हे सगळं नियमात बसवता येतं आणि बसवायलाच हवं.

जमा झालेला पैसा जातो कुठे?

इथेच लोकांचा विश्वास बसतो किंवा उडतो. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराच्या जुन्या बाजारात १९९३ मध्ये मीटर बसवायचे ठरले तेव्हा दुकानदारांनी कडाडून विरोध केला. मग उत्पन्न त्याच बाजाराच्या फूटपाथवर, दिव्यांवर, झाडांवर आणि साफसफाईवर खर्च होईल, असं ठरलं. विरोध मावळला आणि पडीक झालेला तो भाग पुन्हा गजबजला. आपल्याकडे पे अँड पार्कचं उत्पन्न मनपाच्या सामान्य खात्यात जमा होतं आणि त्या रस्त्यावरच्या माणसाला ठेकेदाराच्या पोराने दिलेली चिठ्ठी तेवढी दिसते. रस्त्यावरच फलक लावा: या महिन्यात या रस्त्यावर इतके जमले, त्यातून हे केलं.

माझी गाडी कुठे असते याची नोंद कुणाकडे राहील?

पुरलेल्या सेन्सरला फक्त लोखंड कळतं, मालक कळत नाही. कॅमेऱ्याने नंबरप्लेट वाचली तर मात्र प्रश्न रास्त आहे. तुम्ही कुठल्या दवाखान्यात, किती वेळा, किती वेळ जाता हे त्यातून कळू शकतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे, पण निविदेतच लिहून घ्यायला हवं: पैसे भरले गेले की नंबर पुसायचा, भरावाची बेरीज तेवढी ठेवायची, आणि ती बेरीज मनपाच्या मालकीची, ठेकेदाराच्या नाही. हा शेवटचा मुद्दा विसरू नका. ठेका संपला आणि डेटाही त्याच्यासोबत गेला, तर पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

आमच्या रस्त्याची मोजणी आम्हीच करू शकतो का?

नक्की करा. दोन चौकांमधला एकच पट्टा घ्या, दोन्ही बाजू वेगळ्या लिहा. एक मंगळवार किंवा बुधवार आणि एक शनिवार, सकाळी दहा ते रात्री नऊ. पी-१ पी-२ (तारखेप्रमाणे एकेका बाजूला पार्किंग) असेल तर सम आणि विषम अशा दोन्ही तारखा घ्या. आधी टेप लावून किती चारचाकी आणि किती दुचाकी बसतात ते काढा. दर अर्ध्या तासाने चक्कर मारा, नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे लिहा, खुर्च्या-कुंड्यांनी अडवलेल्या जागा वेगळ्या खुणेने दाखवा, डबल पार्किंगची गाडी लाल पेनने. दोघं जण आलटून पालटून असाल तर पाय टिकतात. उन्हाची टोपी आणि दोन जादा पेनं जवळ ठेवा. रात्री घरी बसून बघा की किती गाड्या तासाभरात गेल्या आणि किती सकाळपासून तिथेच होत्या. तो कागद घेऊन वॉर्ड ऑफिसमध्ये जा आणि एक प्रत व्यापारी संघालाही द्या.